राजमातेची परवानगी

शाळेच्या नाटकात सहा वर्षांचा नूरैन फ्रान्सचा बालराजा होता. राज्य त्याचं, कारभार राजमातेचा. थोडक्यात, आखातातल्या अल मन्सूरा वस्तीतल्या त्यांच्या फ्लॅटसारखंच. आठवडाभर त्याची आई हमिदा आरशासमोरच्या त्याच्या खुर्चीमागे उभी राहून तालीम घेत होती. राजाने आरशात बघून परवानगी मागायची, तिने मान डोलवायची. त्याशिवाय लाडोबा जेवायलाही उठत नसे.

आज शाळेची बस खाली येऊन थांबली. हमिदा डबा घेऊन दाराशी गेली.

“यल्ला, राजेसाहेब, उठा आता.”

“आस्क हर, ममा,” नूरैनने आरशाकडे बोट केलं.

हमिदाने दारातूनच पाहिलं. आरशात, त्याच्या खुर्चीमागे, हमिदा उभी होती. तिने मायेने त्याचा पुठ्ठ्याचा मुकुट सरळ केला आणि नकारार्थी मान हलवली.

नूरैन शहाण्या मुलासारखा बसून राहिला. त्याचा मुकुट सरळ झाला होता.