लाकूड बुडेपर्यंत

"बुडलं का गं?" दात घासता घासता अण्णांनी विचारलं.

"नाही हो, तरंगतंय अजून," बाल्कनीतल्या बादलीत डोकावत मी म्हणाले.

फिशटँकमध्ये ठेवायचं लाकूड विकत मिळतं, हे ऐकून अण्णा, म्हणजे माझे सासरे, चवताळलेच होते. "लाकूड? आणि विकत?" म्हणत त्यांनी शास्त्री नदीच्या काठी सापडलेलं वाकडंतिकडं लाकूड पिशवीत घालून एसटीने थेट पुण्याला आणलं. सुरीने साल खरवडली, माझ्या सगळ्यात मोठ्या पातेल्यात ते उकळलं आणि बादलीत भिजत घातलं. "तळाला बसलं की टँकमध्ये ठेवतो आणि गावाला निघतो," असं आल्या दिवशीच जाहीर केलं.

सुरुवातीला मीही त्याच्या बुडण्याकडेच डोळे लावून बसले होते. पातेल्याचं तर वाटोळंच झालं होतं. पण ऑफिसातून आल्यावर त्यांच्या हातचा आल्याचा चहा आणि लाकडाचा रंग उतरून लाल झालेलं बादलीतलं पाणी बदलताना रंगणाऱ्या गप्पा, यांची कधी सवय लागली कळलंच नाही.

रविवारी ते चुलतभावाकडे गेले आणि मी पाहिलं, तर लाकूड तळाला! आनंद व्हायला हवा होता. मी ते गुपचूप उचलून गच्चीवर नेलं आणि दिवसभर कडक उन्हात वाळवलं. संध्याकाळी बादलीत सोडलं, तर मस्त तरंगलं.

अण्णा आले. वाकून त्यांनी लाकडावरून बोट फिरवलं.

"उन्हात ठेवलंस होय? भेग पडली बघ," ते म्हणाले. "मी रोज दुपारी पंख्याखालीच वाळवतो."