गाण्याला खडा नाही

"गाण्याला खडा नाही," गादोने पिशवीचं तोंड आवळलं. "ज्याचा हात मातीला लागला, त्यालाच खडा."

अंगे देमचा पसरलेला हात तसाच राहिला. अंगे म्हणजे आजी. मागेपुढे कुणी नसलेल्या या म्हातारीला सारं गाव तेच म्हणायचं. दिवसभर ती भिंतीच्या साच्याशेजारी बसून गात होती आणि तिच्या तालावर बायका ओली माती ठोकायला लाकडी धुम्मस आपटत होत्या.

"ठरवलं कुणी हे?"

"मीच. सभेत. तेव्हा तुम्हीच माना डोलावल्यात."

"मला वाटलं, सभा लवकर उरकावी म्हणून डोलावतायत सगळे."

बायका खो खो हसल्या. गादो नाही हसला.

"मग तुझ्या घरचे खडे कोण टाकतं रे?" अंगेने विचारलं.

"मोजणाऱ्याला कसले खडे? मी उभा आहे म्हणून हिशेब सरळ चाललाय."

"उभा आहेस, ते दिसतंय," म्हातारी म्हणाली आणि कमरेवर हात ठेवून घरी गेली.

शेजारच्या गावाने सिमेंटचं सभागृह बांधलं होतं. ते हिवाळ्यात गारठायचं आणि पावसाळ्यात घाम गाळायचं. म्हणून या गावाने ठरवलं, आपलं सभागृह आपल्याच मातीचं, आपल्याच हातांचं. प्रत्येक घराने सारखं राबायचं. घरागणिक बांबूची एक नळी गोठ्याच्या भिंतीला टांगली होती. दिवस भरला की गादो नदीतला एक पांढरा खडा द्यायचा आणि घरी जाता जाता ज्याने त्याने तो नळीत टाकायचा. नळ्यांची तोंडं एवढीशी. आत गेलेला खडा बांबू फोडल्याशिवाय निघत नसे. चोरीची धास्ती नव्हती, आणि दुसऱ्याच्या नळीत आपला खडा टाकण्याइतकं खुळं कोण असणार? सुताराने घरं मोजून नळ्या कापल्या, त्यामुळे रांगेच्या टोकाला गादोच्या घराचीही एक लटकत होती. पाहुण्यासारखी.

ज्या घराची नळी खुणेपर्यंत भरेल, त्याचं नाव लामा वास्तूच्या पूजेत वाचणार होते. नाव वाचलं म्हणजे त्या घरातल्या जित्यांना आणि मेलेल्यांना, दोघांनाही पुण्य. गादोची बायको पेम तीन हिवाळ्यांपूर्वी वारली होती. पूजेत तिचं नाव निघेल तेव्हा थिंफूहून लेक यायची होती. मोजणाऱ्याच्या घरचं नाव न मोजताच वाचतील, हे गादो धरूनच चालला होता.

दुसऱ्या दिवशी अंगे देमने धुम्मस उचलला.

"अंगे, वय काय तुझं? ठेव तो खाली!" गादो ओरडला.

"जुन्या देवळाची भिंत मी आणि तुझ्या पेमने समोरासमोर उभं राहून ठोकलीय. तेव्हा तू ढोरं राखत होतास."

संध्याकाळी मातीने माखलेला हात त्याच्यापुढे आला. "खडा दे."

रोज तेवढंच बोलायची. धुम्मस उचलताना तिला गायला श्वास पुरेना, आणि गाणं थांबलं तशी कामाची रयाच गेली. बायकांचे घाव मागेपुढे पडू लागले. गादोला कळत होतं. 'अंगे, तू बसून गा, मी खडा देतो', एवढं म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पण एकदा चारचौघांत बोललेला शब्द. जीभ वळली नाही ती नाहीच.

भिंती चौकटीच्या वर गेल्या आणि गारठ्याच्या पावसात म्हातारीने अंथरूण धरलं. छपराच्या फळ्या चढायच्या आतच ती गेली.

चितेवरून परतल्यावर गादोने पुढचं ताट सरकवून दिलं. ते नुसतं दुःख नव्हतं, ती टोचणी होती. म्हातारीचे दिवस कमीच पडणार. तिच्या नावाने दिवा लावणारं मागे कुणी नाही, आणि पूजेतही नाव गाळलं जाणार. तेही गाणाऱ्या बाईचं.

मग त्याने जन्मात केलं नव्हतं ते केलं. अर्ध्या दिवसाच्या खड्यासाठी लोकांशी वर्दळीवर येणारा गादो भर दुपारी, सगळे जेवायला बसलेले असताना गोठ्याशी गेला आणि पिशवीतले खडे अंगेच्या नळीत एकेक करून सोडू लागला. पहिला खडा फार खोल जाऊन वाजला. मूठ रिकामी झाली तशी त्याने आणखी एक मूठ टाकली. तेवढ्यात कुणाची तरी चाहूल लागली आणि तो मागे सरला.

पूजेच्या सकाळी मुखिया खांडूने सगळ्यांसमोर नळ्या फोडायला घेतल्या. भरलेल्या नळीला लोक आरोळी द्यायचे, लामा नाव लिहून घ्यायचे. गादोची लेक दारातच उभी होती.

अंगे देमची नळी फुटली. खडे घरंगळले ते एवढेसे. गादोने वाकून ते गोळा केले. बरोबर दोन मुठी.

"कमी पडलं अंगेचं घर," खांडू हळूच म्हणाला.

"असं कसं?" गादोचा आवाज चिरकला. "ती रोज यायची! रोज मी तिच्या हातावर खडा ठेवलाय!"

"मग गेले कुठे?"

खांडूने टोकाची नळी काढली.

"ती कशाला? मी मोजणारा होतो."

"सगळ्यांच्या फोडायच्या ना?" मागून चोकी नावाची पोरगी म्हणाली. तीच अंगेसमोर उभी राहून माती ठोकायची. "हात मातीला लागला त्यालाच खडा. गादोबाबा, शब्द तुमचाच."

कुणीतरी हसलं. तेव्हा कुठे गादोच्या डोक्यात प्रकाश पडला. त्या नळीत त्याने एकही खडा टाकला नव्हता. पेमचं नाव आता त्याच्याच शब्दाने गाळलं जाणार होतं, लेकीच्या देखत. त्याने मान खाली घातली.

खांडूने पातं मारलं. नळी उभी चिरली, आणि मातीच्या बोटांचे ठसे उमटलेले खडे गादोच्या पायांवर ओघळू लागले, ते थांबेचनात.