अर्ज निकाली

रिक्षा आरोग्य केंद्राच्या पायरीला लागली तेव्हा समीक्षाचे डोळे लालभडक झाले होते आणि पोटऱ्यांना नुसता हात लागला तरी ती कळवळत होती. पार्वतीला ही लक्षणं नवी नव्हती. गेल्या वर्षी भातलावणीनंतर लवूला, तिच्या नवऱ्याला, असाच ताप भरला होता. याच केंद्राच्या पडवीत तो सहा तास पडून राहिला. डॉक्टर आले नाहीत, आणि सातव्या तासाला ते येण्याची गरजही उरली नाही.

बापाचं तेरावं झालं आणि समीक्षा अर्ज लिहायला बसली. बारावीतल्या मुलीचं वळणदार अक्षर, खाली आईचा अंगठा. ‘आमच्या केंद्रात डॉक्टर फक्त पाटीवर आहेत.’ अर्ज तालुक्याला गेला, जिल्ह्याला गेला, मुंबईला गेला. लवू उभ्या जन्मात फिरला नव्हता इतका त्याच्या नावाचा कागद फिरला.

आज मात्र केंद्र ओळखू येत नव्हतं. भिंतींना ताजा चुना, सगळ्या खाटांवर चादरी, दारात तालुक्याहून आलेली अँब्युलन्स. औषधं देणारा गुरुदास इस्त्रीच्या शर्टात धावपळ करत होता. एरवी मान वर न करता ‘डॉक्टर मीटिंगला गेलेत’ म्हणणारा हा माणूस. आज त्याने स्वतः समीक्षाला हाताला धरून आत नेलं.

“बरा झाला इलंस. पयल्या खाटेर निजव तिका.”

“डॉक्टर आसत?”

“आसत तर. नवे इलेत, सोमवारपासून. तुझ्याच अर्जान मिळाले म्हण.”

लवू गेला तो गेला, पण अगदीच फुकट गेला नाही, असं पार्वतीला वाटलं आणि तिने पदराने डोळे पुसले.

नर्सने सलाईन लावलं. तेवढ्यात डॉक्टर आले. दाराशी थांबले, वाकले, उंबऱ्याला बोटं टेकवून कपाळाला लावली आणि मगच आत पाऊल टाकलं. कामाला देव मानणारा दिसतोय, पार्वतीच्या मनात आलं. पन्नाशीचा भारदस्त माणूस. मानेवर रुळणारे केस, कानांना भोकं, कोटाच्या बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर. सरकारी कोट कधी कुणाच्या अंगाला बसलाय? ते खाटेच्या कडेला बसले, समीक्षाचं मनगट हातात घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

“घाबरू नकोस, मुली. मी आहे.”

आवाज असा की पडवीतल्या लोकांनीही माना वळवल्या. या इमारतीत पार्वतीच्या घरच्यांशी इतकं मायेने कुणी बोललं नव्हतं. समीक्षाने जड पापण्या उचलल्या आणि त्यांच्याकडे टक लावून पाहिलं.

“आई, ह्येंका मी खंयतरी बघलंय.”

“गप निज बाय. ताप आसा तुका.”

गुरुदासने पार्वतीला बाजूला घेतलं. “मुंबयच्या मॅडम येतहत. तुझ्याच अर्जाची चौकशी आसा. डॉक्टर आसत म्हणान सांग. तक्रार लावून धरलंस तर हे पण बदली मागान जातले. मग परत कोण येतलो?”

त्याचं म्हणणं पार्वतीला पटलं. देवाने दिलेला डॉक्टर हाताने घालवायला ती काही खुळी नव्हती.

मॅडम आल्या. त्या डॉक्टर नव्हत्या, कागदांतल्या बाई होत्या. हजेरीपत्रक बघितलं, औषधांचं कपाट उघडायला लावलं, मग पहिल्या खाटेपाशी थांबल्या. पोरीचे डोळे बघून त्यांचा चेहरा उतरला.

“डॉक्टर, हिला ओरोसला, जिल्हा रुग्णालयात हलवायचं का? ही अँब्युलन्स आत्ता तिकडेच निघालीय.”

डॉक्टरांची नजर गुरुदासकडे गेली. गुरुदासने नकारार्थी मान किंचित हलवली.

“गरज नाही. इथे सगळं आहे,” डॉक्टर म्हणाले. “ही मुलगी स्वतःच्या पायांनी घरी जाईल. माझा शब्द आहे.”

असा शब्द मिळाल्यावर कोण शंका घेणार? पार्वतीने मनातल्या मनात हात जोडले.

“तक्रार तुमचीच ना?” मॅडमनी फाइल उघडली. “आता काय म्हणणं आहे?”

“आता तक्रार नाही,” पार्वती जमेल तसं शुद्ध बोलली. “डॉक्टर आहेत. चांगले आहेत.”

“मग इथे अंगठा द्या. अर्ज निकाली काढते.”

फिसकटू नये म्हणून पार्वतीने अंगठा चांगला दाबून उठवला.

मॅडमची जीप गेली. तिच्यामागोमाग अँब्युलन्स गेली. नर्स रिकाम्या खाटांवरच्या चादरी काढून घड्या घालू लागली. गुरुदास कुठे दिसेना.

अर्ध्या तासात समीक्षाचा श्वास भरभर चालू लागला. पार्वतीने दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा गदागदा हलवलं. पोरीने ओ दिली नाही.

पार्वती धावत डॉक्टरांच्या खोलीत गेली. त्यांनी कोट काढून टेबलावर ठेवला होता आणि मळकी पिशवी खांद्याला अडकवून ते निघायच्या बेतात होते.

“डॉक्टरसायब, चला. चेडू ओ देणा नाय.”

ते जागचे हलले नाहीत. तिने त्यांचा हात धरून ओढला. “मगाशी नाडी बघलास तशी बघा. तुमी शब्द दिलास.”

त्यांनी हात सोडवून घेतला नाही. मान खाली घातली. मघाचा तो भरदार आवाज आता जेमतेम तिच्यापुरता निघाला.

“बाय, माका नाडी बघूक येणा नाय. मिया दशावतारी नाटकात राजा करतंय.”