दोघींत एक लॅपटॉप

"स्क्रीन धड नसेल तर घेऊन उपयोग काय?" थोरली म्हणाली.

"आणि पोर्टच नसतील तर?" धाकटीने तिला पुढे बोलूच दिलं नाही. "माइक कुठे लावायचा, कपाळाला?"

काउंटरवर दोन लॅपटॉप उघडे होते. एक अंगाने पातळ. स्क्रीन असा की चित्रातले रंग जसेच्या तसे दिसावेत. पण कडेला जेमतेम दोन पोर्ट. दुसरा जाडजूड, उचलायला जड, स्क्रीन फिकट. मात्र दोन्ही बाजूंना हवे तेवढे पोर्ट, मेमरी कार्डाची खाचसुद्धा. किंमत दोन्हींची जवळपास सारखीच.

दुकानदार बावीस वर्षं हेच विकत होता. गिऱ्हाईक दारातून आत आलं की त्याच्या मनात काय आहे ते आपण ओळखतो, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. बहुतेक वेळा ते खरंही निघायचं, त्यामुळे कुणाला काही बोलायची सोय नव्हती.

आई स्टुलावर बसली होती. कपड्यांच्या कारखान्यात ती कॉलर शिवायची. आल्या आल्याच तिने सगळं सांगून टाकलं होतं. दोन्ही मुलींना प्रवेश मिळालाय, एकीला ॲनिमेशनला, एकीला ध्वनिमुद्रणाला. पण फी एकीचीच झेपेल आणि लॅपटॉपही एकच. दुसरी परवापासून तिच्याबरोबर कारखान्यात बसेल. फी भरायची उद्या शेवटची तारीख.

"मग तुम्ही काय ठरवलंत?" दुकानदाराने विचारलं.

"मी काय ठरवणार? आईला दोन्ही डोळे सारखेच. आठ दिवस घरात हेच चाललंय बघा. दोघीही एक पाऊल मागे यायला तयार नाहीत. म्हटलं, दुकानात चला. मशीन समोर दिसलं की तरी डोकं ठिकाणावर येईल."

"कुणाचं?" धाकटी म्हणाली. "हिचं? आलं मग!"

दुकानदाराने मागच्या फळीवरून तिसरा लॅपटॉप काढला. "हा मधला आहे. स्क्रीन बरा, पोर्टही बऱ्यापैकी."

"मधला कुणाच्याच कामाचा नाही," दोघी एकदम म्हणाल्या. तेवढ्यापुरतं त्यांचं एकमत झालं.

थोरलीने जाडजूड लॅपटॉप उचलला. उलटा करून खालची जाळी बघितली, एकेका पोर्टवरून अंगठा फिरवला आणि मग तो बाजूला सरकवून दिला.

"हा नको."

एवढं निरखून नाकं मुरडणारी पोरगी, म्हणजे पक्की व्यवहारी असणार, दुकानदाराला वाटलं. त्याला ती आवडली नाही.

"पोर्टांचं काय एवढं?" ती म्हणाली. "चार पोर्टांचा एक हब लावला की झालं."

"हब लावला की रेकॉर्डिंग मधेच तुटतं. तूच म्हणाली होतीस ना?"

"म्हणाले असेन."

"मग? आणि रंगांचं तरी काय एवढं? नंतर वेगळा मॉनिटर जोडता येतो."

"नंतर म्हणजे कधी? आणि घेणार कशातून?"

"तू ना, लहानपणापासून अशीच!" धाकटी म्हणाली. "आपलंच घोडं पुढे दामटायचं."

"आणि तू मोठी ऐकणारी! जा गं."

दुकानदार घरातलं शेंडेफळ. पण शेंडेफळाचे लाड कसले! मोठ्या भावाचे शर्ट, भावाची पुस्तकं, भावाचं दप्तर. कॉलेजलासुद्धा भाऊच गेला आणि हा काउंटरमागे उभा राहिला. या गोष्टीला कैक वर्षं झाली, तरी तो ते विसरला नव्हता. धाकटीचे भरून आलेले डोळे बघून त्याला राहवेना.

"पोरी, समजून घ्यायचं असतं ते मोठ्यांनीच," तो थोरलीला म्हणाला. "बघ जरा तिच्याकडे. रडवेली झालीय."

"दिसतंय, काका. म्हणूनच लवकर आटपायला हवं."

ती आईकडे वळली. "आई, मी मोठी आहे ना? कधी काही मागितलंय तुझ्याकडे? आज एवढं ऐक. तो पातळ लॅपटॉप घे."

आईने पदराने नाक पुसलं.

"मोठीचं होऊ दे," ती म्हणाली.

"आई, नाही!" धाकटी ओरडली. "हिचं काही ऐकू नकोस. असं नाही चालणार!"

"गप. झालं आता," थोरली म्हणाली.

धाकटी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. आईने पैसे काढून दिले.

दुकानदाराने बिल केलं, पण जीभ काही आवरली नाही. आवरावी असं त्याला वाटलंही नाही. "दुसऱ्याच्या ताटातलं ओढून घेतलेलं अंगी लागत नाही, पोरी. एवढं लक्षात ठेव."

"ठेवीन, काका."

काय निगरगट्ट पोरगी आहे! एक शब्द उलटून बोलली नाही, मान खाली घातली नाही. अशांचंच जगात चालतं, तो मनात म्हणाला. त्याने चार्जर तपासला, वॉरंटीच्या कागदावर शिक्का मारला आणि खोकं काउंटरवर ठेवलं. मुद्दाम थोडं आपटूनच ठेवलं.

थोरलीने ते दोन्ही हातांनी उचललं. भिंतीपाशी गेली, धाकटीला खांद्याला धरून वळवलं आणि खोकं तिच्या हातात दिलं.

"परत देऊन टाक हे," धाकटी हुंदके देत म्हणाली. "तू जा शिकायला, ताई. मला नाही गं काढायची चित्रं."