आजोबांचं काडतूस

लढाईत कामी आलेल्या आजोबांचं पिस्तूल काचेच्या पेटीत मांडायचं ठरलं. शेजारी त्याचंच एक काडतूस हवं, म्हणून नातू पिस्तूल घेऊन बंदुका दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेले. नातू स्वतःच पेन्शनीत निघालेले. पण आजोबांचा विषय निघाला की छाती अजून पुढे आणि पोट मागे जायचं.

"चौकीवर एकटे उरले होते. शेवटचं काडतूस संपेपर्यंत बार काढत राहिले! समोरच्या टेकडीवरून अख्ख्या पलटणीने पाहिलंय. त्यांच्या साहेबाने स्वतः घरी येऊन आजीला सांगितलं. आणि नळीचं तोंड बघा केवढं! एका गोळीत भिंत पडत असेल."

म्हाताऱ्याने नळीत अंगठा घातला. सहज गेला. मग कपाटातून एक जाडजूड रिकामं काडतूस काढून त्याने आत सरकवलं. चपखल बसलं.

"हेच ते. पण यात गोळी नसते, साहेब. लाल उजेड आकाशात जातो. मदत मागायचं पिस्तूल आहे हे."

"तोंड सांभाळून बोला!" नातवांनी टेबलावर हात आपटला. "मदत मागणारे नव्हते माझे आजोबा! शेवटचं काडतूस संपेपर्यंत ते..."

बोलता बोलता ते थांबले. खुर्चीत बसले. आणि पुन्हा भडकले. पण या वेळी म्हाताऱ्यावर नाही.

"म्हणजे अख्खी पलटण टेकडीवरून नुसती बघत बसली? आणि तो साहेब वर आमच्या आजीच्या हातचा चहा पिऊन गेला!"