बाधित : सात

पटकीच्या साथीत तालुक्याचा अहवाल लिहिताना कारकून निवृत्तींना ‘बाधित विहिरी : सात’ हे फार पाल्हाळिक वाटलं. मराठीतला कारभार नवा, भाषा कशी ऐटबाज हवी! त्यांनी ‘विहिरी’ खोडलं. जिल्ह्याहून सात रोग्यांच्या गोळ्या आल्या. विहिरींत टाकायची पावडर आलीच नाही.

आठवड्यानं चूक उमगली, तेव्हा ते स्वतःच पावडरचं पोतं घेऊन मेहकरहून एस.टी.नं त्या सातांपैकी एका विहिरीच्या गावात आले. वेशीतच विहिरीवरून पाणी भरून परतणाऱ्या वच्छलाबाई भेटल्या.

“पाणी तपासाले नेलं तुमी, साहेब, अन् पावडर काई आली नाई. आमी समजलो, विहीर चांगली निंघाली. आठ दिसापासून सारं गाव तिचंच पाणी पेऊन राह्यलं.”

त्यांनी भरला तांब्या पुढं केला. “उनातून आले, घ्या.”

निवृत्तींनी तो घेतला. नाही कोणत्या तोंडानं म्हणणार होते?