खिडकीजवळचा बाक

"खुर्ची फळ्यासमोर नको, खिडकीजवळ ठेवा," कुलगुरू म्हणाल्या. "बाईंना उजेड लागतो."

कुलसचिवांनी खुर्ची उचलली. ती कुलगुरूंच्याच दालनातून आणलेली, चांगलीच जड होती. तिचा एक पाय दाराच्या चौकटीवर आपटला.

"सावकाश," अधिष्ठाता म्हणाले. "तुझ्यापेक्षा जुनी आहे ती."

"सर, इथं सगळंच माझ्यापेक्षा जुनं आहे. तुमच्यापेक्षा जुनं मात्र काही नाही."

अधिष्ठाता हसले. ते याच विद्यापीठात शिकले आणि इथंच शिकवू लागले. कुलसचिव एके काळी त्यांचे विद्यार्थी. हुद्दे बदलले, तरी दोघांचं बोलणं वर्गातलंच राहिलं होतं.

बैठक खोली क्रमांक सातमध्ये ठेवायची, असं कुलगुरूंनीच ठरवलं होतं. पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत गेलेले बाक, भिंतभर फळा, उंच खिडक्या. उच्च शिक्षणाचं पुढं काय होणार यावर तिघांनी आजवर पुष्कळ चर्चा केली होती. आज उत्तर मिळणार होतं, आणि ते बाई देणार होत्या.

"स्पष्टच सांगते," कुलगुरू म्हणाल्या. "बाई नाही म्हणाल्या, तर उद्या मुख्य दाराला कुलूप. सरकारनं आता मुदत वाढवून द्यायची नाही असं ठरवलंय."

"काल निघताना काही बोलल्या का?" अधिष्ठात्यांनी विचारलं.

"घरी विचारून सांगते, एवढंच म्हणाल्या," कुलसचिव म्हणाले. "मी फाटकापर्यंत सोडायला गेलो. चेहऱ्यावरून काही कळेल तर शपथ."

"त्यांना घरबसल्या पडद्यावर सगळं करता येतं. तरी इथवर येतात, हेच खूप झालं." कुलगुरूंनी चष्मा पुसला. "पडद्यावर नाही असं आपल्यापाशी काय आहे, ते सांगा. भावना नको, मुद्दा हवा."

अधिष्ठाता खिडकीशी गेले. खाली सायकलींची लांबलचक शेड दिसत होती.

"या खिडकीत मी दुसरं वर्ष काढलं," ते म्हणाले. "बाकांवर जागाच नसायची. आमचे सर एकदा शिकवता शिकवता थांबले आणि म्हणाले, आत्ता सांगितलं ते मलाच पटत नाहीये. मग मागून कुणीतरी म्हणालं, सर, मलाही पटलं नव्हतं. अशी जुंपली म्हणता! तास संपला, जिना उतरलो, शेडपर्यंत पोचलो, तरी भांडण चालूच. सरांनी सायकलचं कुलूप काढलं आणि परत लावलं. घरी जायचंच विसरले."

"हा मुद्दा झाला का?" कुलगुरूंनी विचारलं. पण आवाज मऊ झाला होता.

"नसेल. माझ्यापाशी एवढंच आहे."

"सर, हे बाईंसमोर नको," कुलसचिव म्हणाले. "मागं तुम्ही असेच रंगलात, तेव्हा त्यांची मान डुलायला लागली होती."

"त्यांना पटत होतं."

"डोळे मिटून?"

कुलगुरूंना हसू फुटलं. तेवढ्यात त्यांचं घड्याळाकडे लक्ष गेलं आणि त्या एकदम गंभीर झाल्या. "वेळ झाली. घंटा द्या."

शिपाई निवृत्त झाल्यापासून घंटा कुलसचिवच वाजवत. ते व्हरांड्यात गेले. टोल घुमले आणि विरले. अधिष्ठात्यांनी ओल्या फडक्यानं फळा पुन्हा एकदा पुसला आणि नवा खडू मोडून त्याचे दोन तुकडे केले. अख्खा खडू किरकिरतो, आणि बाईंना ते सहन होत नसे.

जिन्यावर पावलं वाजली. मध्ये थांबली. मग पुन्हा वाजली.

कुलसचिव लगबगीनं आत आले आणि तिघं सावरून उभे राहिले.

बाई आल्या. साठी ओलांडलेली, खांद्याला कापडी पिशवी, हात गुडघ्यावर. त्यांनी दम खाल्ला आणि खुर्चीकडे पाहिलं. "हे काय नवीन?"

"तुमच्यासाठी," कुलगुरू म्हणाल्या. "तुमच्या पाठीला..."

"माझ्या पाठीची चौकशी नंतर करा. आधी मला बोलू द्या." बाईंनी पिशवी खाली ठेवली. "मुलाशी बोलले. तो म्हणतो, आई, गुडघे असे कुरकुरतात, मग हा हट्ट कशाला? घरून होतंय ना सगळं? त्याचंही खोटं नाही. मी करून पाहिलं. आवाज स्वच्छ, चित्रं सुरेख. चहा पिता पिता काम होतं."

कुलगुरूंनी मान खाली घातली.

"पण मी त्या पडद्याशी वाद घातला," बाई म्हणाल्या, "तर तो म्हणतो, आपल्या मताबद्दल आभारी आहोत. इथं या सरांशी वाद घातला की त्यांचे कान लाल होतात." त्या अधिष्ठात्यांकडे पाहून हसल्या. "समोरच्याचे कान लाल झाले, म्हणजे आपलं म्हणणं त्याच्यापर्यंत पोचलं. मुलाला सांगितलं, मी जाणार. गुडघ्यांचं गुडघे बघून घेतील."

कुलसचिवांनी उगाच खिडकीची कडी काढली आणि पुन्हा लावली.

"मग कुलूप नाही," कुलगुरू हळूच म्हणाल्या.

"कसलं कुलूप?"

"काही नाही. बसा ना."

बाई खुर्चीला वळसा घालून गेल्या, दोन पायऱ्या चढल्या आणि खिडकीजवळच्या बाकावर सरकून बसल्या. कुलगुरू आणि कुलसचिव पाय न वाजवता बाहेर पडले. जाताना त्यांनी दार ओढून घेतलं.

अधिष्ठाता फळ्यापाशी उभे राहिले. त्यांनी घसा साफ केला आणि पहिल्या बाकापासून थेट शेवटच्या बाकापर्यंत नजर फिरवली. त्यांच्या सरांची तशी पद्धत होती.

"क्रमांक एक?"

"हजर," बाई म्हणाल्या.

विद्यापीठाची हजेरी पूर्ण झाली.